नाशिकमध्ये कोलोनोस्कोपी करून घेतली: सेंटर कसं वाटलं आणि आदल्या दिवसापासून नेमकं काय काय होतं

कोलोनोस्कोपी म्हणजे संडासच्या जागेतून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी. मी ती मागच्या महिन्यात कॉलेज रोडच्या बाजूला असलेल्या एका गॅस्ट्रो सेंटरमध्ये केली. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण यातलं बरंचसं तुम्ही कुठेही करा तसंच असणार आहे, आणि काही तक्रारी पण आहेत माझ्या, त्या त्यांना मी समोर सांगितल्यात. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. पण साडेचार का दिले ते आधी, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या तपासणीत मशीन, बिल्डिंग, एसी वेटिंग रूम यापेक्षा आदल्या दोन दिवसांची तयारी तुम्हाला कोण आणि कशी समजावून सांगतं त्यावर सगळं ठरतं. पोट नीट साफ नसेल तर कितीही मोठा डॉक्टर आणि कितीही भारी कॅमेरा असला तरी आत काही दिसत नाही, मग पुन्हा पोट साफ करायची पावडर, पुन्हा उपाशी, पुन्हा बिल.

मला काही त्रास नव्हता. माझ्या मोठ्या भावाला ५१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याला कितीतरी महिने संडासमधून रक्त जात होतं आणि सगळे मूळव्याध मूळव्याध म्हणत होते, चूर्ण झालं, मलम झालं, भिंतींवर जाहिराती असतात ना "बिना ऑपरेशन मुळव्याध गॅरंटीने बरा" तिथेही जाऊन झालं, आणि या सगळ्यात एकानेही आत दुर्बीण टाकून बघूया असं म्हटलं नाही. शेवटी वजन उतरलं, हिमोग्लोबिन खाली आलं तेव्हा कोलोनोस्कोपी झाली आणि कळलं. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आज तो बरा आहे, रोज चालायला जातो. पण त्याच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्या भावंडांना बसवून सांगितलं की सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीत, किंवा त्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासणी करून घ्यायची. मी ४४ ची. म्हणून केली. त्रास काही नसताना कशाला करायची असं मला घरातल्या घरात चार जणांनी विचारलं, त्यांना हेच उत्तर दिलं की त्रास सुरू व्हायच्या आधी करण्यातच तिचा खरा उपयोग आहे. आत पॉलिप म्हणून छोटे कोंब येतात, त्यातले काही हळूहळू कॅन्सरकडे जातात आणि त्याला साधारण १० वर्षांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात कधीही दुर्बिणीने तो काढून टाकला की तिथला विषय संपतो.

मी फोन करून तीन चार ठिकाणी विचारलं होतं. बाकी ठिकाणी रेट सांगितला आणि पावडर मेडिकलमधून घ्या, रात्री प्या, सकाळी उपाशी या, एवढंच. या सेंटरने रेट सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, आणि तिथेच मी ठरवलं की इथेच करायची. फोनवर सिस्टर होत्या, त्यांनी विचारलं शुगर आहे का, बीपीची गोळी कुठली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, लोहाच्या गोळ्या घेता का, किडनीचा काही प्रॉब्लेम, आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का, बद्धकोष्ठ असतं का, कशाची ऍलर्जी. मला तेव्हा हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्या ७ दिवस आधी बंद करायला सांगितल्या कारण लोहाने संडास काळी आणि चिकट होते, आतड्याला चिकटून राहते आणि मग पावडरीनेही नीट निघत नाही. हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तुमच्या सेंटरने नाही विचारलं तर तुम्ही स्वतः सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल मात्र स्वतःच्या मनाने काहीही करू नका, कुठली बंद करायची, कुठली चालू ठेवायची, किती दिवस, हे ज्याच्या त्याच्या हृदयाच्या स्थितीवर असतं, स्टेंट बसवलेला असेल तर गोळी परस्पर बंद करणं जिवावर येऊ शकतं, तेव्हा हार्टचे डॉक्टर आणि दुर्बीण करणारे डॉक्टर दोघांना विचारून लिहूनच घ्या. शुगरवाल्यांनी पण तसंच, त्या दिवशी जेवण नसतं आणि गोळी किंवा इन्सुलिन रोजचंच घेतलं तर शुगर एकदम खाली जाते. शुगरच्या काही नवीन गोळ्या तर तीन दिवस आधीपासून थांबवायला लावतात. वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देणाऱ्याला ते माहीत असणं गरजेचं असतं.

आता खाणं. आधीचे दोन तीन दिवस चोथा नसलेलं खायचं. आपल्याकडे इथेच सगळा घोळ होतो, कारण "हलकं खा" म्हटलं की आपल्या डोक्यात भाजी भाकरी, मुगाची उसळ, कोशिंबीर, फळं येतात आणि हे सगळं या तपासणीसाठी एकदम चुकीचं आहे. आणि उपवासाचं तर आणखीनच. माझ्या शेजारच्या काकूंना "आदल्या दिवशी उपास करा" असं कुणीतरी सांगितलं होतं, त्या म्हणाल्या मग मी खिचडी खाईन, राजगिऱ्याचा लाडू खाईन. अहो साबुदाण्यातले शेंगदाणे, राजगिरा, भगर, रताळं, यातलं काहीच नको! दाण्याचे कण आणि बिया दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात, पाणी मारायची आणि ओढून घ्यायची नळी चोंदते. तीळ, खसखस, ओलं सुकं खोबरं, टोमॅटोच्या बिया, पेरू, अंजीर, डाळिंब, पालेभाजी, ज्वारी बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, सगळं बंद. मग खायचं काय तर पांढरा भात आणि वरणाचं नुसतं वरचं पाणी, दही भात, साल काढून उकडलेला बटाटा, रव्याचा साधा उपमा ज्यात डाळी मोहरी कढीपत्ता काही नाही, पांढरा ब्रेड, अंडं, चिकन खाणाऱ्यांना साधं उकडलेलं चिकन. दोन दिवस जरा फिकं वाटतं, पण मला ते जड नाही गेलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मला सकाळी दही भात खाऊन घ्यायला सांगितला आणि दुपारपासून फक्त आरपार दिसेल असं पातळ. म्हणजे शहाळ्याचं पाणी (मलई नको), गाळलेलं लिंबू सरबत, बिन दुधाचा चहा, गाळलेलं सूप, इलेक्ट्रॉल, गाळलेला सफरचंदाचा ज्यूस. दूध आणि ताक नाही. आणि लाल जांभळं काही प्यायचं नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात कोकम सरबत सगळ्यात आधी हातात येतं पण त्याचा रंग आत रक्तासारखा दिसतो, बीट, कलिंगड, जांभूळ, सोलकढी हे पण त्यातच आलं. हे सिस्टरने मला वेगळं फोन करून सांगितलं कारण कागदावर नुसतं "नो रेड लिक्विड्स" असं इंग्रजीत होतं. बघा, इथे माझी पहिली तक्रार. कागद पूर्ण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, त्यात ओट्स, व्होल व्हीट ब्रेड, सेलरी असली नावं. नाशिकच्या आसपासच्या गावांतून, निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून पेशंट येतात तिथे. सत्तर वर्षांच्या माणसाने तो कागद वाचायचा कसा? मी त्यांना सांगून आले की हे मराठीत करा आणि त्यात भाकरी, उसळ, शेंगदाणे, कोकम असं लिहा.

पावडर. हाच सगळ्यांचा भीतीचा विषय. मला जी दिली ती पेगलेकची मोठी पुडी, १३७ ग्रॅमच्या आसपासची, २ लिटर पाण्यात मिसळायची. ती आतड्यात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि सगळं पाण्याबरोबर वाहून बाहेर काढते, त्यात क्षार पण असतात म्हणून शरीरातलं मीठ पाणी फारसं हलत नाही. काही ठिकाणी सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली देतात, कमी प्यावी लागते म्हणून लोकांना ती आवडते, पण किडनी नाजूक असणाऱ्यांना आणि वयस्कर माणसांना ती त्रासाची ठरू शकते, तेव्हा कुठलं औषध देताय आणि माझ्या किडनीला चालेल का हे सरळ विचारा.

मला संध्याकाळी ६ ला डल्कोलॅक्सच्या (जुलाबाच्या) दोन गोळ्या, मग ७ ते ९ मध्ये १ लिटर, आणि उरलेलं १ लिटर पहाटे ५ ते ६ मध्ये. तपासणी ११ ची होती. हे दोन भागात पिणं म्हणजे पहाटे उठायचं म्हणून कंटाळवाणं वाटतं पण पूर्ण रात्रीच संपवण्यापेक्षा याने पोट खूप चांगलं साफ होतं, कारण रात्रभरात वरून पित्त वगैरे उतरतं आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात थर बसतो, पहाटेच्या लिटरने तो धुऊन निघतो. तुम्हाला सगळं रात्रीच प्या म्हणाले आणि तुमची वेळ दुपारची असेल तर विचारा दोन भागात चालेल का.

चव खारट आणि वर लिंबाचा कृत्रिम वास. आधीच मिसळून फ्रीजमध्ये गार केली, स्ट्रॉने प्यायली, दर १५ मिनिटाला एक ग्लास, मध्ये लिंबाची फोड चोखली. पहिला ग्लास सोपा, चौथा कठीण. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं, येरझाऱ्या घालायच्या, मग परत सुरू, पण अर्धवट सोडायचं नाही. साखर, सरबताची पावडर असलं काही त्यात घालू नका. तासाभरात सुरू होतं आणि मग तुम्ही बाथरूमच्या जवळच राहायचं. एकत्र कुटुंब आणि एकच संडास असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे दोन आहेत तरी मी एक पूर्ण माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. टाकी भरून ठेवा. कागद किंवा टॉवेलने पुसत बसू नका, पाण्याने धुवा आणि पहिल्यापासूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत आग आग होते. पोटात कळा मला फार नाही आल्या, गुडगुड खूप. रात्री साधारण अकरापासून पहाटेपर्यंत झोप पण लागली.

साफ झालं हे कसं ओळखायचं? शेवटी शेवटी जे येतं ते लघवीसारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं पाणी असलं पाहिजे. गढूळ, तपकिरी, कण असलेलं येत असेल तर गेल्या गेल्या सांगा, लाजू नका, एनिमा देऊन किंवा थोडं थांबवून ते मार्ग काढतात. आणि पाणी कधी बंद करायचं ते पण लिहून घ्या. मला ८ नंतर थेंबही नाही असं होतं. बीपीची गोळी मात्र सकाळी एका घोटाबरोबर घ्यायला लावली.

सेंटरला १० ला पोचलो. मिस्टर बरोबर होते, एकट्याने गेलात तर भूल देऊन करत नाहीत, घरी न्यायला माणूस पाहिजेच. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं घरी काढून ठेवून जा, पॉलिप काढताना कधी करंट वापरतात म्हणून धातू नको. बोटाला ऑक्सिजनचं क्लिप लावतात तर नेलपॉलिश पण काढून जा. बायका हमखास विचारतात म्हणून लिहिते, पाळी चालू असेल तरी ही तपासणी होते, फक्त सिस्टरला सांगून ठेवायचं. मागून उघडा असलेला गाऊन देतात, मला वरून चादर दिली आणि ती शेवटपर्यंत नीट पांघरलेली होती. आत एक सिस्टर बाई पूर्ण वेळ थांबतील हे त्यांनी न विचारता सांगितलं. डॉक्टर पुरुष होते आणि मला या गोष्टीचं आधी दडपण होतं, पण त्या खोलीत ज्या पद्धतीने सगळे बोलत होते त्याने ते गेलं. ज्या बायका फक्त या संकोचापायी टाळतात त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते, लागतो तेवढाच भाग उघडा, बाकी पूर्ण झाकलेलं.

संमतीपत्र भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी स्वतः वाचून समजावलं. धोका काय तर आतड्याला छिद्र पडणं, हे नुसत्या बघण्याच्या तपासणीत हजारात एकाला किंवा त्याहून कमी, पॉलिप काढला तर थोडं जास्त. पॉलिप काढला तर नंतर रक्तस्राव. आणि भुलीचे जे काही असतात ते. घाईघाईत सही घेतली नाही, हे मला फार आवडलं.

हाताला सुई, बीपीचा पट्टा, नाकात ऑक्सिजनची नळी, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. भूलतज्ज्ञ डॉक्टर वेगळे होते. पांढरं औषध सुईतून गेलं, हाताला थोडं झोंबलं, आणि पुढचं मला काहीच आठवत नाही. खरंच काही नाही. पूर्ण भूल नसते, श्वास आपला आपण घेत असतो, पण गाढ झोप लागते. माझ्या भावाने दुसऱ्या गावी पहिल्या वेळी बिन भुलीची केली होती, त्याचं म्हणणं सहन होते पण नळी वळणावर वळते तेव्हा आणि हवा भरतात तेव्हा पोट ताणून कळ येते, मग सिस्टर पोटावर दाबते, पाठीवर वळवते. ज्यांना भूल नको किंवा चालत नाही त्यांची तशीही करतात. भीती फार असेल तर भुलीची घ्या, पैसे थोडे जास्त जातात पण माणूस पाच वर्षांनी परत यायला घाबरत नाही, आणि परत येणं यात फार महत्त्वाचं आहे.

आत काय करतात ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. साधारण करंगळीएवढी जाड, लवचिक, दीड मीटरपेक्षा लांब नळी, टोकाला कॅमेरा आणि लाइट. आधी ती पूर्ण आतपर्यंत नेतात, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं आणि शेजारी अपेंडिक्सचं भोक दिसतं तिथपर्यंत, आणि मग हळूहळू बाहेर काढताना नीट बघतात. खरी तपासणी ही परत येतानाचीच. काहीच निघालं नाही तरी या परतीला कमीत कमी ६ मिनिटं दिली पाहिजेत असं इतकी वर्षं मानत होते, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी ते ८ केलं. घाईत खेचून काढली तर घडीमागचे छोटे पॉलिप सुटतात. या सेंटरमध्ये हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो शरीरात पटकन शोषला जातो म्हणून नंतर पोट फुगून राहत नाही. मला थोडा गॅस झाला, पण तासाभरात मोकळं. रिकव्हरीत सिस्टर सांगत होत्या "ताई लाजू नका, गॅस सोडून द्या", सगळेच तिथे तेच करत असतात.

मला एक पॉलिप निघाला. ५ मिलिमीटरचा. तारेच्या फासाने तिथल्या तिथे कापून काढला, दुखलं वगैरे काही नाही, आतड्याच्या आतल्या पातळ थराला कापल्याचं दुखणं कळतच नाही. बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट यायला आठवडा लागला आणि ते दिवस काढणं पावडर पिण्यापेक्षा अवघड होतं हे मी मनापासून सांगते. ट्युब्युलर ऍडिनोमा आला, म्हणजे आज कॅन्सर नाही पण याच जातीतून पुढे होऊ शकतो, आणि तो आता माझ्या पोटात नाही. मी रिपोर्ट हातात घेऊन रिसेप्शनसमोर रडले. भावाचाही पॉलिप कधीतरी इतकाच असणार ना.

घरी जाताना रिपोर्टमध्ये काय बघायचं ते लिहिते कारण बहुतेक लोक फक्त शेवटची ओळ वाचतात. नळी शेवटपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोचली असं लिहिलंय का आणि त्याचा फोटो आहे का. पोट किती साफ होतं त्याचा स्कोअर आहे का, बोस्टन स्कोअर म्हणतात, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ असे मार्क, एकूण ९ पैकी, प्रत्येक भागाला निदान २ पाहिजेत. माझा ८ होता. स्कोअर कमी असेल आणि रिपोर्ट "नॉर्मल" असेल तर त्या नॉर्मलवर विसंबू नका, पुन्हा कधी करायची ते विचारा. पॉलिप निघाला असेल तर किती मोठा, कुठे, पूर्ण निघाला का. आणि पुढची कधी. ज्यांच्या घरात कुणाला नाही आणि सगळं नॉर्मल आहे त्यांना १० वर्षांनी चालते, माझ्यासारख्यांना ५ वर्षांनी. हे सगळं माझ्या रिपोर्टमध्ये फोटोंसकट होतं. आपल्याकडे आतड्याचा टीबी पण खूप असतो आणि तो बरोबर त्याच लहान मोठ्या आतड्याच्या जोडावर बसतो, त्यामुळे ज्यांना ताप, वजन घटणं, पोटदुखी आहे त्यांच्यात तिथपर्यंत पोचून तुकडा घेणं फार गरजेचं असतं, दिसायला तो आणि क्रोन्स (आतड्याला सतत सूज आणि जखमा होणारा वेगळा आजार) सारखेच दिसू शकतात.

आता उरलेल्या तक्रारी. फोनवर सांगितलेल्या रकमेत भूलतज्ज्ञांची फी आणि बायोप्सी नव्हती, ते तिथे गेल्यावर कळलं. लपवलं असं मी म्हणणार नाही, विचारल्यावर लगेच पूर्ण हिशोब दिला, पण उपाशी पोटी बिलिंग काउंटरवर उभं राहून हे कळणं बरं नाही, आधीच "सगळं मिळून किती, पॉलिप निघाला तर किती, बायोप्सी किती" असे तिन्ही आकडे लिहून द्यायला हवेत. ११ ची वेळ पावणेएकला झाली, आधीच्या पेशंटला वेळ लागला म्हणाले, ते समजू शकते, पण माझ्या शेजारी एक शुगरवाले आजोबा बसले होते, त्यांचे हातपाय थरथरायला लागले तेव्हा त्यांच्या सुनेने आरडाओरडा करून शुगर तपासून घेतली आणि मग सलाइन लावलं. आणि तयारी करून आलेल्या पेशंटसाठी वेटिंगमध्ये एकच टॉयलेट! अशा सेंटरमध्ये हे कसं चालतं मला खरंच कळत नाही.

मेडिक्लेमचं, नुसती तपासणी म्हणून ऍडमिशन दाखवलं तर सहसा पास होत नाही, पॉलिसीत तपासणीसाठीचा खर्च वगळलेला असतो. पॉलिप काढला तर तो उपचार धरून काही कंपन्या देतात, आधी मेल करून विचारून ठेवा. पैसे जमत नसतील तर मुंबईत केईएम, नायर, सायन या म्युनिसिपालिटीच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत, नंबर लागायला वेळ लागतो पण खर्च खूप कमी येतो.

दुर्बिणीच्या स्वच्छतेबद्दल लोक बोलायला बिचकतात, मी विचारलं. प्रत्येक पेशंटनंतर ब्रशने आतल्या नळ्या धुऊन मग जंतुनाशकाच्या मशीनमध्ये घालतात, त्यांनी मला दारातून ती खोली दाखवली. ज्या सेंटरला हा प्रश्न आवडत नाही तिथे मी जाणार नाही.

घरी आल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही नाही, गॅसजवळ एकटीने उभं राहू नका, झोप येत राहते. मी मऊ भात आणि तूप खाल्लं, इतकं चांगलं जेवण बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. पॉलिप काढला असेल तर अगदी दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त येऊ शकतं, थेंबभर ठीक, पण वाटीभर रक्त, गाठी, पोट कडक होऊन असह्य दुखणं, ताप, चक्कर, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. या सेंटरने त्यासाठी रात्रीचा मोबाइल नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून फोन करून विचारलं कसं वाटतंय. यासाठी माझ्याकडून पूर्ण मार्क.

ज्यांना चाळिशीनंतर नव्याने रक्त पडायला लागलंय, संडासची सवय अचानक बदललीय, कारण नसताना हिमोग्लोबिन कमी झालंय, वजन उतरतंय, त्यांनी मूळव्याधीचं औषध घेऊन वर्ष काढू नका. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध असलेल्या माणसाच्या आत आणखी वर दुसरं काही नाही हे बोट घालून किंवा बाहेरून बघून कळत नाही. संडासमधलं न दिसणारं रक्त शोधायची साधी टेस्ट पण मिळते, पण ती त्रास नसणाऱ्यांसाठी आहे, आणि ती पॉझिटिव्ह आली तर शेवटी दुर्बीण करावीच लागते.

आमच्या धाकट्या बहिणीचा नंबर इथेच लावलाय, सकाळी ८ चा पहिला स्लॉट मागून घेतला म्हणजे वाट बघणं नाही. तुम्हीही फोन करताना पहिला स्लॉटच मागा, शुगरवाल्यांनी तर नक्कीच. आणि सेंटरवाल्यांनो, दुसरं टॉयलेट आणि मराठीतला कागद, एवढं केलंत की उरलेला अर्धा मार्क पण देईन.